मोबाईलवरचा डाव आणि भिंतीवरचे पान

आपल्या वस्तीत संध्याकाळी फेरी मारली तर एक दृश्य हमखास दिसते. विहाराच्या पायरीवर चार-पाच पोरे ओळीने बसलेली असतात. कोणी कोणाशी बोलत नाही. माना खाली आणि अंगठे चालू. आईने हाक मारली की "आलो" एवढे उत्तर येते, पोरगा काही येत नाही. मग आपण मोठी माणसे रागावतो, मोबाईल हिसकावून घेतो आणि दोन दिवसांनी, अभ्यासाला लागतो म्हणून, परत देतो. मीही हेच करीत होतो. हिसकावण्याने काही साधत नाही हे कळायला मला एक मोठा धक्का खावा लागला. तो आधी सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

माझी धाकटी बहीण काजूच्या कारखान्यात बी सोलायला जाते. बचत गटाचे हप्ते तिच्याकडे जमा होत. २०२२ च्या पावसाळ्यात गटाची बैठक भरली आणि अकरा हजार रुपये कमी निघाले. बायका तिच्याकडे बघत राहिल्या. ताईला काही उमगेना. पैसे माझ्या भाच्याने मोबाईलवरच्या पत्त्यांच्या खेळात लावले होते. थोडे थोडे करून तीन महिन्यांत गेले होते. मी त्याला समोर बसवून विचारले तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "मामा, तो जुगार नाही. बुद्धीचा खेळ आहे, जाहिरातीतच लिहिलेले असते." पोरगा बारावी झालेला, मूर्ख नव्हता. जे छापून आले ते त्याने खरे मानले होते.

पैसे आम्ही दोघा भावांनी मिळून भरले. पण ताई त्यानंतर दोन महिने बैठकीला गेली नाही.

आता या बाबतीत कायदा झाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन खेळांसंबंधीचे विधेयक संमत केले आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यावर संमती झाली. कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून खेळायचा ऑनलाईन खेळ चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळून फसलेल्याला मात्र गुन्हेगार धरलेले नाही, हे चांगले झाले. आपल्या सिगालोवाद सुत्तात गृहस्थाची संपत्ती नासविणारी सहा दारे सांगितली आहेत, त्यांत जुगाराचे दार आहेच. जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत किंमत राहत नाही, असेही तिथे म्हटले आहे. बचत गटाच्या त्या बैठकीत मी ते डोळ्यांनी पाहिले. फरक एवढाच की खेळला मुलगा आणि किंमत गेली आईची.

पण कायदा पायरीवरच्या पोरांना संध्याकाळी काय करा हे सांगत नाही. ते आपल्यालाच सांगावे लागते.

आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी वीस-पंचवीस मुले येतात. तिथे आम्ही ठरविले की मोबाईल बंद करायचा नाही, त्यातला खेळ बदलायचा. बुद्धिबळ निवडले. कॅरम आपल्या रत्नागिरीच्या रक्तात आहे, हे मला मान्य आहे, पण कॅरमचा स्ट्रायकर बोटांनीच मारावा, काचेवर बोट फिरवून त्यात मजा नाही. बुद्धिबळाचे तसे नाही. पट लाकडाचा असो की काचेवरचा, डाव तोच. शिवाय खर्च नाही. लिचेस नावाचे एक संकेतस्थळ आहे. थिबो द्युप्लेसी नावाच्या फ्रेंच माणसाने ते २०१० मध्ये सुरू केले. तिथे जाहिरात नाही, वर्गणी नाही, पैसे लावायची सोय नाही. लोकांच्या देणग्यांवर ते चालते. गरिबाच्या पोराला जे मिळते तेच श्रीमंताच्या पोराला मिळते. मला तर ही गोष्ट खेळापेक्षाही आवडली.

एका वयस्कर उपासकांनी शंका काढली की ब्रह्मजाल सुत्तात आठ घरांच्या पटावरचा खेळ वर्ज्य सांगितला आहे, आणि तुम्ही विहारातच तो मांडता? मी नम्रपणे म्हटले, "बाबा, तो नियम भिक्खूंच्या वेळेसाठी आहे, आणि ही पोरे भिक्खू नाहीत." ते हसले. पुढे तेच आमचे सर्वांत नियमित वाचक झाले.

वाचक म्हणण्याचे कारण असे. महिनाभर मुले खेळली आणि माझ्या लक्षात आले की ती शेकडो डाव खेळतात, पण शिकत काही नाहीत. हरले की दुसरा डाव. तीन मिनिटांचा, एक मिनिटाचा. पटावर समोरासमोर खेळायच्या मोठ्या स्पर्धांत खेळाडूला आपली प्रत्येक चाल कागदावर लिहावी लागते, असा नियम आहे. मोबाईलवर चाली आपोआप नोंदल्या जातात, म्हणून कोणीच त्या पुन्हा बघत नाही. कार्यालयात आम्ही संगणक आल्यावर हेच पाहिले आहे. पूर्वी खातेवही हाताने लिहिताना चूक डोळ्यांत भरायची. आता सगळे यंत्रात असते आणि वर्षअखेरपर्यंत कोणी उघडून बघत नाही.

म्हणून मी म्हटले, आठवड्यातला एक डाव निवडा, तो हाताने लिहा आणि विहाराच्या भिंतीवर लावा. फुलस्केप कागदाची एक बाजू, त्याहून जास्त नाही. असे भिंतीवरचे पान सुरू झाले. आजवर दीडशेच्या वर पाने झाली. मध्ये दोनदा बंद पडता पडता राहिले. ज्यांना आपल्या वस्तीत असे काही करायचे असेल, कोणत्याही खेळाचे, त्यांच्यासाठी आमचा अनुभव लिहितो.

पहिल्या पानावर मुलांनी काय लिहिले? बुद्धिबळाचा इतिहास, चतुरंग, महाराजे वगैरे. सगळे कुठून तरी उतरवलेले. कोणी वाचले नाही. उतरवलेला मजकूर ओळखू येतो, शाळेतल्या निबंधासारखा वास येतो त्याला. चौथ्या पानावर आठवीतल्या एका मुलीने आपण चार चालींत कशी मात खाल्ली ते लिहिले आणि त्या रविवारी भिंतीपुढे गर्दी झाली. पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे काढले, तिनेही काढले. त्याने उंट काढला, तिने वजिराकडचा घोडा काढला. मग त्याने वजीर थेट एच-५ वर आणला. तिने लिहिले होते, "मला वाटले वजीर फुकट मिळतोय, म्हणून मी दुसरा घोडा काढून त्याच्यावर रोखला. माझे लक्ष त्याच्या वजिरावर होते, त्याचे लक्ष माझ्या एफ-७ च्या प्याद्यावर होते." झाले. वजिराने ते प्यादे मारले आणि मात. घोड्याऐवजी जी-पट्टीतले प्यादे एक घर पुढे सरकवले असते तर वजिराला मागे फिरावे लागले असते, हे तिने स्वतः शोधून खाली लिहिले.

यातून नियम ठरला: पानावर आपलाच डाव लिहायचा, आणि शक्यतो हरलेला. चाल काय केली यापेक्षा ती करताना डोक्यात काय होते हे लिहायचे. संगणक चूक दाखवतो, पण चूक का झाली हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. संगणकाला विचारायचे ते शेवटी, आपले लिहून झाल्यावर. आधी विचारले की पोरगा स्वतः विचार करीत नाही. समोरच्याचे नाव लिहायचे नाही, कारण तो कुठला कोण, त्याची परवानगी आपण घेतलेली नसते. मुलांचे फोन नंबर, फोटो, शाळेचे नाव हेही भिंतीवर किंवा मोबाईलवर कुठेच द्यायचे नाही. विशेषतः मुलींच्या बाबतीत आई-बापांना आधी विश्वासात घ्यावे. आम्ही घरोघरी जाऊन सांगितले म्हणून सात मुली टिकल्या.

खेळाबद्दल लिहिणे हे कमी प्रतीचे काम आहे असे कोणी समजू नये. मुंबईच्या खाडिलकर भगिनींचे उदाहरण जुन्या वाचकांना आठवत असेल. वडील नीलकंठ खाडिलकर 'नवाकाळ'चे संपादक. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंती खाडिलकरांनी जिंकली. पुढे जयश्री आणि रोहिणी यांनी ते पद वर्षानुवर्षे घरातच ठेवले. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा गहजब झाला. शेवटी जागतिक संघटनेला सांगावे लागले की स्त्री म्हणून कोणाला अडवता येणार नाही. या बहिणींपैकी जयश्रीताई 'नवाकाळ'च्या आणि रोहिणीताई 'संध्याकाळ'च्या संपादक झाल्या. पट आणि छापखाना एका घरात नांदू शकतात. अर्थात त्यांच्या घरी छापखाना होता, आपल्या घरी नाही, हेही विसरून चालणार नाही.

दुसरे उदाहरण अलीकडचे. मुंबईचे सागर शहा हे सनदी लेखापाल झालेले गृहस्थ. मी बी.कॉम.वर थांबलो, त्यामुळे सी.ए. माणसाकडे मी जरा आदरानेच बघतो. त्यांनी हिशेबाची नोकरी न धरता बुद्धिबळ धरले. स्वतः आंतरराष्ट्रीय मास्टर. ज्या स्पर्धांत खेळत तिथलेच वृत्तांत ते जर्मनीतल्या चेसबेस कंपनीसाठी लिहीत. नंतर पत्नी अमृता मोकल यांच्यासह चेसबेस इंडिया उभे केले. आज देशात कुठेही कोणी मोठा डाव जिंकला की पोरे तिथेच बघतात. २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी विनोदी कलाकार समय रैना आणि आपल्या नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांच्याबरोबर मोबाईलवर बुद्धिबळ दाखवले आणि ज्यांना घोडा अडीच घर चालतो हेही ठाऊक नव्हते अशी मुले खेळाकडे वळली. लोक का वळले? मला वाटते, तिथे हसत-खेळत चुका करणारी माणसे दिसली. आमच्या त्या आठवीतल्या मुलीने भिंतीवर हेच केले होते.

आता टिकविण्याविषयी. सुरू करणे सोपे असते, पहिल्या महिन्यात सगळे उत्साही असतात.

वार बदलू नये. आमचे पान रविवारी सकाळी दहाच्या आत लागते. एकदा दोन आठवडे पान लागले नाही तर तिसऱ्या आठवड्यात कोणी भिंतीकडे बघतही नाही, हे आम्ही २०२३ च्या मार्चमध्ये अनुभवले. परीक्षा आल्या, मुले गुंतली आणि भिंत कोरी राहिली. तेव्हापासून दिवाळीच्या सुट्टीत पाच-सहा पाने जादा लिहून घेतो आणि फाईलला लावून ठेवतो. कार्यालयात जशी किरकोळ खर्चाची शिल्लक ठेवतात तशी ही मजकुराची शिल्लक.

काम एकट्यावर टाकू नये. 'बहिष्कृत भारत'चे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत. ते बाबासाहेब होते. आपण एका पोरावर भार टाकला तर तो सहा आठवड्यांत कंटाळतो. आमच्याकडे एक जण डाव लिहितो, दुसरी पट काढते, तिसरा आठवड्याचे कोडे घालतो, चौथा मागच्या आठवड्याचे उत्तर. हस्ताक्षर चांगले असणाऱ्यालाच लिहायला देऊ नये. मग वाईट हस्ताक्षराचा हुशार मुलगा मागे बसून राहतो.

पान मोठे करू नये. मध्ये एका उत्साही कार्यकर्त्याने रंगीत छपाई करून आणली, वर स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाची शुभेच्छा. मुलांना पान आपले वाटेना. पुढच्या रविवारी पुन्हा फुलस्केप लावला. खर्चाचे म्हणाल तर कागद, स्केचपेन, टाचण्या आणि महिन्याला थोड्या झेरॉक्स. तो हिशेब पानाच्याच कोपऱ्यात लिहितो, आणि तोही मुलेच लिहितात. बक्षीस म्हणून रोख रक्कम कधी द्यायची नाही, हा मात्र माझा हट्ट आहे. पाच रुपयेसुद्धा नाही. कारण आधी सांगितलेच.

आपल्या रत्नागिरीत पावसाची वेगळी काळजी घ्यावी लागते. जूनपासून भिंतीला ओल येते, डिंक सुटतो, टाचण्या गंजतात, स्केचपेनची शाई ओघळते. पहिल्या पावसाळ्यात काळ्या राजाचा नुसता डाग उरला होता. आता बॉलपेनने लिहितो आणि पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लावतो. वीज गेली, नेट गेले की मोबाईलवरचा डाव अर्धवट राहतो, ही तक्रार मुले नेहमी करतात. त्यांना मी ऑगस्ट २०२० ची गोष्ट सांगतो. कोरोनामुळे बुद्धिबळ ऑलिंपियाड ऑनलाईन झाले. विदित आपला कर्णधार होता. अंतिम लढत रशियाशी. पहिली फेरी बरोबरीत सुटली आणि दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि आपल्या नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख यांची जोडणीच तुटली. वेळ संपली, डाव हरल्याचे दिसले. भारताने दाद मागितली, बिघाड जगभराचा होता हे निघाले आणि दोन्ही देशांना सुवर्ण दिले गेले. जोडणी तुटली म्हणून दिव्या घरी रडत बसली नाही. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी येथे तिने कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. ती बातमी आमच्या पानावर लागली तेव्हा मुलींनी आपणहून पट काढला. माझ्याकडून एक शब्दही मागितला नाही.

चूक झाली तर लपवू नये. आमची एक चूक फारच गमतीची. कोडे होते: पांढऱ्याचा राजा जी-१ वर, हत्ती डी-१ वर, प्यादी एफ-२, जी-२, एच-२. काळ्याचा राजा जी-८ वर, प्यादी एफ-७, जी-७, एच-७ आणि हत्ती ए-२ वर. पांढऱ्याने एका चालीत मात करावी. सोपे आहे. हत्ती डी-८ वर नेला की काळ्या राजाला त्याच्याच प्याद्यांनी कोंडलेले असते. पण लिहिणाऱ्या मुलाने 'ए-२' ऐवजी 'ई-२' लिहिले. आता काळ्याचा हत्ती ई-८ वर आडवा येतो आणि मात एका चालीऐवजी दोन चालींत होते. एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेल्या एका काकांनी ते पकडले आणि चारचौघांत म्हणाले, "तिकीट चुकीचे फाडलेत राव." पोरगा लाजला. पुढच्या पानावर आम्ही सर्वांत वर, ठळक अक्षरांत चूक कबूल केली आणि काकांचे आभार मानले. ए आणि ई चा घोळ आपल्या लिपीत होणारच, म्हणून तेव्हापासून नुसती अक्षरे न लिहिता शेजारी पटही काढतो. काका आता दर रविवारी चूक शोधायला येतात. वाचक असा मिळतो.

वेळेचा एक नियम घरच्यांसाठी. एका मिनिटाचे डाव बंद, दहा मिनिटांच्या खालचा डाव नाही. दिवसाला दोन डाव, आणि दुसरा खेळायचा तर पहिल्याच्या चाली वहीत लिहून मग. वही दाखवा, मोबाईल घ्या. आईला बुद्धिबळ येत नसले तरी वहीची पाने भरली आहेत की नाही हे कळते. पहिले काही दिवस मुले कुरकुर करतात, खोटेही लिहितात. एकाने दहा दिवस एकच डाव उतरवला होता. रागावू नये. त्याला तो डाव विहारातल्या पटावर मांडून दाखवायला सांगावे.

सर्वांत कठीण अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे दहावी-बारावी झाली की मुले मुंबई-पुण्याला जातात. कोकणचे हे जुनेच दुखणे. २०२४ मध्ये आमची चार लिहिणारी मुले एकाच जूनमध्ये गेली. भिंत पुन्हा कोरी पडणार होती. तेव्हा शिकलो की प्रत्येक लिहिणाऱ्याबरोबर एक लहान मूल बसवायचे, त्याने फक्त पट काढायचा. वर्षभर पट काढणारा पुढच्या वर्षी लिहायला लागतो. गेलेल्यांपैकी एक जण हल्ली ठाण्याहून मोबाईलवर आपला डाव पाठवतो, आणि इथली मुले तो हाताने लिहून भिंतीवर लावतात.

माझा भाचा अजून अभ्यासिकेत येत नाही. रिक्षा चालवतो, ताईला दरमहा पाचशे रुपये देतो. अकरा हजार फिटले, तरी देणे बंद केलेले नाही. गेल्या महिन्यात कोड्याच्या उत्तरांच्या डब्यात एक चिठ्ठी निघाली, नाव नव्हते. उत्तर बरोबर होते. आठवीतली ती मुलगी आता अकरावीत आहे आणि डबा तीच उघडते. तिने चिठ्ठी माझ्यापुढे धरून विचारले, "सर, नाव नाही, मग पानावर काय लिहू?" अक्षर मी ओळखले होते. मी म्हटले, "एक वाचक, असे लिही."